वटवट्या : नाव, जाती आणि सीमा

पक्ष्यांना नावे देताना मराठी माणसाने डोळ्यापेक्षा कानावर अधिक भरवसा ठेवलेला दिसतो. टिटवी आपले नाव स्वतःच सांगते. पावशा पेरणीची आठवण करून देतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज काढतो म्हणून तांबट हा तांबट. त्याच न्यायाने झुडपांत, उसात, बोरूच्या बेटात अखंड काहीतरी पुटपुटणाऱ्या लहानशा मातकट पक्ष्यास आपण वटवट्या म्हटले आणि विषय संपविला. नाव मोठे ठसकेबाज आहे. परंतु ते एका पक्ष्याचे नाव नव्हे. पक्षिशास्त्रज्ञ ज्यांना वेगवेगळ्या कुलांत घालतात असे कितीतरी पक्षी या एकाच शब्दाच्या छपराखाली नांदतात. त्यांपैकी जे झाडांच्या पानांत वावरतात त्यांना अलीकडे पर्णवटवट्या म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आणि त्यांतील एकाची, हिरवट पर्णवटवट्याची, हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. शाळेतील विज्ञानाच्या तासापेक्षा भाषेच्या तासाशी तिचे नाते अधिक जवळचे आहे असे आमचे मत आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

हा पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना उतरतो आणि एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकून राहतो. बेळगाव-खानापूरची रायवळ आंब्यांची झाडे, गोव्यातील देवरायांचे उंच वृक्ष, फार काय, शाळेच्या आवारातील एखादी जुनी चिंचही त्यास चालते. लांबी जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर. वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे टपालाच्या साध्या पत्राहून फारसे अधिक नाही. पाठ करडट हिरवी, पोट मळकट पांढरे, डोळ्यावर भुवईसारखी फिकट रेघ आणि पंखावर एक बारीक फिकट पट्टी. रंगरूपात लक्षात राहावे असे काही नाही. तो दिसतो त्यापेक्षा ऐकू अधिक येतो. पानांआडून ‘चिस्-ली, चिस्-ली’ असा दोन अवयवांचा टोकदार स्वर दिवसभर येत असतो; वर पाहावे तर एखादे पान हलताना दिसते, पक्षी दिसत नाही. गाणे मात्र तो येथे क्वचितच गातो. त्याचे गाण्याचे घर दुसरीकडे, चार हजार किलोमीटरांहून अधिक दूर, सैबेरियाच्या अरण्यांत आहे. आपल्या वाट्यास येतो तो त्याचा अर्धा संसार. आणि तो अर्धा पाहून उरलेल्याविषयी निर्णय देऊ गेल्यास कशी फसगत होते हे या पक्ष्याच्या इतिहासात चांगले पाहावयास मिळते.

पर्णवटवट्यांच्या अभ्यासाचा आरंभ एका पाद्र्याच्या कानापासून झाला. इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात सेलबोर्न नावाचे खेडे आहे. तेथे गिल्बर्ट व्हाइट नावाचे धर्मोपदेशक राहत असत. गावाबाहेर ते फारसे पडले नाहीत. परंतु गावातल्या गावात त्यांनी जे पाहिले ते इतक्या बारकाईने पाहिले, की त्यांच्या पत्रांचा १७८९ साली प्रसिद्ध झालेला संग्रह निसर्गविषयक लेखनात आजही आदर्श मानला जातो. त्या काळी विलो-रेन या एकाच नावाने ओळखला जाणारा एक लहान हिरवट पक्षी वसंतात त्यांच्या गावी येई. व्हाइट यांच्या ध्यानात आले, की या ‘एका’ पक्ष्याची गाणी तीन आहेत. एक नुसते दोन स्वर आलटून-पालटून ठोकीत बसतो. दुसऱ्याची लकेर हळुवारपणे उतरत जाते. तिसरा उंच बीच वृक्षांच्या शेंड्यावर थरथरता सीत्कार काढतो. १७६८ साली थॉमस पेनंट या निसर्गशास्त्रज्ञास लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे तीन निराळे पक्षी आहेत असे निःशंकपणे कळविले. मग नमुने मिळवून आकार, रंग, पायांचा वर्ण यांची तुलना केली, तेव्हा कानाने सांगितलेले डोळ्यासही पटले. सर्व प्राणिमात्रांस लॅटिन नावे देण्याची रीत घालून देणारे लिनियस यांच्या १७५८ च्या ग्रंथात या तिघांपैकी एकच नोंदलेला होता. उरलेल्या दोघांस शास्त्रीय नावे मिळाली ती १७९३ व १८१७ साली, म्हणजे व्हाइट यांच्या पत्रानंतर अनुक्रमे पाव व अर्ध्या शतकाने. शास्त्राच्या दप्तरात नोंद होण्यास इतका काळ लागला. खेड्यातल्या पाद्र्याच्या दप्तरात ती कधीच झाली होती.

आपल्या पक्ष्याचे नामकरण मात्र उलट्या रीतीने झाले. कार्ल याकोब सुंदेवाल हे स्वीडनचे प्राणिशास्त्रज्ञ तरुणपणी जहाजाने कलकत्त्यास आले होते. तेथील पक्ष्यांविषयी १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी या पक्ष्याचे प्रथम वर्णन केले. गाणे न गाणारा, घरापासून दूर असलेला, हिवाळी पाहुणा एवढेच त्यांच्यापुढे होते. नाव त्यांनी दिले ‘ट्रोकिलॉइडीस’. युरोपातील विलो वटवट्याचे लिनियसने दिलेले नाव ‘ट्रोकिलस’. त्याला ‘सदृश’ या अर्थाचा ग्रीक प्रत्यय जोडला, इतकेच. एखाद्या मुलास ‘धोंडूसारखा’ हेच नाव ठेवावे, तसला हा प्रकार. परंतु नामकरणाचा शास्त्रीय नियम असा आहे, की प्रथम दिलेले नाव टिकते. ते यथार्थ असो वा नसो.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक म्हणून एडवर्ड ब्लाइथ आले. लंडनजवळ त्यांचे औषधांचे दुकान होते. पण लक्ष सारे पक्ष्यांत, त्यामुळे दुकान चालले नाही. १८४१ पासून सुमारे वीस वर्षे अपुऱ्या वेतनावर त्यांनी त्या संग्रहालयात जे काम केले त्याचा उपयोग पुढे डार्विनसही झाला. ब्लाइथ यांनी १८४३ साली आणखी दोन रूपे वेगळी काढली : ‘विरिडॅनस’ म्हणजे हिरवट आणि ‘निटिडस’ म्हणजे तेजाळ. १८६१ साली रॉबर्ट स्विनहो या चीनमधील ब्रिटिश वकिलातीच्या अधिकाऱ्याने चौथे रूप वर्णिले, ‘प्लम्बीटार्सस’, शिशाच्या रंगाच्या पायाचा. त्याच्या पंखावर एकाऐवजी दोन पट्ट्या असतात. येथून पुढे खरी अडचण सुरू झाली. पट्टी म्हणजे पिसांच्या टोकांवरील फिकट रंग, आणि टोके झिजतात. हिवाळाभर पानांत घासून घासून दुपट्टी पक्षी वसंतात एकपट्टी दिसू लागतो, एकपट्टी बिनपट्टी दिसतो. संग्रहालयाच्या खणात भुसा भरून ठेवलेल्या कातड्यांचे रंगही वर्षानुवर्षे उडत जातात. म्हणून वर्गीकरण करणाऱ्यांनी रंगाचा नाद सोडून पंखांतील उड्डाणपिसांच्या मोजमापाचा आश्रय घेतला : दुसरे पीस सहाव्याहून लांब की आखूड, सातव्याच्या मानाने कसे, असे. त्यांच्या वह्या पाहिल्या तर वृत्तांचे गण मोजणाऱ्या आपल्या छंदःशास्त्र्यांची आठवण होते. शेजारच्यास काहीच दिसत नाही अशा जागी हे लोक मात्रा मोजीत बसलेले असतात.

या कामात पगारी शास्त्रज्ञ थोडे आणि हौशी पुष्कळ, ही गोष्ट आम्हांस मुद्दाम नमूद करावीशी वाटते. डब्ल्यू. ई. ब्रूक्स हे रेल्वेचे अभियंता. रूळ टाकता टाकता ते पर्णवटवट्यांचे तज्ज्ञ झाले. त्यांचे स्नेही ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांना आपण राष्ट्रसभेचे एक संस्थापक म्हणून ओळखतो. पक्षिशास्त्रात ते हिंदी पक्ष्यांच्या अभ्यासाचे अध्वर्यू म्हणून ओळखले जातात. सिमल्यातून ते बाहेरगावी गेले असता एका नोकराने त्यांच्या पंचवीस वर्षांच्या टिपणांचे कागद बाजारात रद्दी म्हणून विकून टाकले. त्यानंतर ह्यूम यांचा या विषयावरील जीव उडाला आणि १८८५ साली, म्हणजे राष्ट्रसभा भरली त्याच वर्षी, सुमारे ८२ हजार नमुन्यांचा आपला संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. जुनी हस्तलिखिते, बखरींचे कागद वाण्याच्या दुकानी पुड्या बांधावयास गेल्याचे दुःख आपल्या संशोधकांस ठाऊक आहे. सिमल्याच्या बाजारात झाले तेही त्याहून वेगळे नव्हते.

हौशी मंडळींपैकी फ्रँक लडलो यांच्याविषयी शिक्षकांना विशेष आपुलकी वाटेल. केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञान शिकून ते कराचीच्या सिंध कॉलेजात अध्यापक झाले; तेथे ते जीवशास्त्र शिकवीत आणि इंग्रजीही. पुढे शिक्षणखात्यात निरीक्षक झाले. १९२३ साली तिबेट सरकारच्या इच्छेवरून ग्यांत्से येथे इंग्रजी शाळा काढण्याचे ठरले, तेव्हा तिचे मुख्याध्यापकपद लडलो यांनी पत्करले. समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवरील ते गाव; सरदार घराण्यांतील मुले; आणि असली शाळा आपल्या धर्माला व रिवाजाला बाधक आहे असे मानणारा वजनदार पक्ष. तीन वर्षांत, १९२६ साली, शाळा बंद पडली. आम्हां शाळामास्तरांस अशा शाळेची कथा ऐकून जे वाटावयाचे ते वाटतेच. परंतु लडलो हात हलवीत परतले नाहीत. सुट्टीच्या वेळी त्या पठारावर हिंडून त्यांनी पक्ष्यांची जी टिपणे केली ती पुढे ‘आयबिस’ या इंग्रजी पक्षिविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मग त्यांनी श्रीनगरास बिऱ्हाड केले आणि हिमालयाच्या दऱ्यांतून दीर्घ प्रवास केले. काश्मीरकडील पर्णवटवट्याचे रूप नेपाळ-सिक्कीमकडील रूपाहून किंचित फिके आहे असे आढळल्यावर ह्यू व्हिसलर यांनी १९३१ साली त्यास लडलो यांचे नाव दिले, ‘लडलोवाय’. व्हिसलर हे पंजाबच्या पोलिसखात्यातील निवृत्त अधिकारी. सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातील व त्रावणकोर-कोचीनमधील पक्ष्यांची जी पाहणी केली तिच्या नमुन्यांची छाननी करण्यास त्यांचे मोठे साह्य झाले होते. एक मुख्याध्यापक, एक पोलिस, एक रेल्वेवाला. आणि चौथे, ज्यांनी हा सारा पसारा एकत्र मांडला, ते क्लॉड टाइसहर्स्ट, पेशाने वैद्य. पहिल्या महायुद्धात ते सैन्यातील वैद्य म्हणून क्वेट्टा व कराचीकडे होते. १९३८ साली ब्रिटिश म्युझियमने त्यांचा पर्णवटवट्यांच्या संपूर्ण प्रजातीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

टाइसहर्स्ट यांनी नमुने टेबलावर मांडले ते वर्षांच्या क्रमाने नव्हे, नकाशाच्या क्रमाने. तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसून आली. तिबेटचे पठार झाडांवाचून उघडे, त्याच्या उत्तरेस तकलामकान व गोबीची वाळवंटे. झाडांत राहणाऱ्या या पक्ष्यास मधून जाता येत नाही; तो भोवतालच्या डोंगरांवरील अरण्यांतून कडे करून राहतो. दक्षिणेस हिमालयात ‘ट्रोकिलॉइडीस’. तेथून पश्चिमेस काश्मीरकडे गेले की ‘लडलोवाय’. पुढे पामीर व तिएनशान पर्वतांतून उत्तरेस पश्चिम सैबेरियात ‘विरिडॅनस’. पुन्हा हिमालयापासून पूर्वेकडे निघालो तर चीनच्या पश्चिम भागातील डोंगरांत ‘ऑब्स्क्युरेटस’, म्हणजे काळवंडलेला, आणि त्याच्या उत्तरेस मंगोलियाच्या बाजूने पूर्व सैबेरियात दोन पट्ट्यांचा ‘प्लम्बीटार्सस’. शेजारच्या दोन रूपांत फरक इतका अल्प, की सीमा कोठे घालावी हे सांगता येत नाही. एक रूप दुसऱ्यात विरघळत जाते. पण कड्याची दोन टोके मध्य सैबेरियात, येनिसेई नदीच्या परिसरात, जेथे पुन्हा एकत्र येतात, तेथे ‘विरिडॅनस’ व ‘प्लम्बीटार्सस’ एकाच अरण्यात राहूनही दोन परक्या जातींप्रमाणे वागतात.

येथे आम्ही वाचकांस थोडा वेळ पक्ष्यांवरून भाषेकडे वळावयास सांगतो. बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. ती बदलते म्हणजे काय होते? पुण्याहून नाशिक, नाशिकहून धुळे, धुळ्याहून नंदुरबार आणि पुढे सुरतेच्या बाजूस एखादा माणूस पायी चालत गेला, तर कोणत्याही एका गावी आज मराठी संपली आणि उद्या गुजराती लागली असे त्यास म्हणता येणार नाही. मध्ये अहिराणी आहे. ग्रियर्सन यांनी आपल्या भाषापाहणीत तिला मराठीच्या खंडात न घालता भिल्ल बोलींच्या खंडात, १९०७ साली, जागा दिली. आपल्याकडील अनेक विद्वानांनी ती मराठीचीच बोली असल्याचे प्रतिपादन केले. पूर्वेस बस्तरमधील हळबीचीही अशीच गत : मराठी, छत्तीसगडी व ओडिया या तिघींनी तिच्यावर हक्क सांगावा अशी तिची घडण. पुणेकर आणि सुरतकर समोरासमोर बसले तर दोन निराळ्या भाषा बोलतात, यात संशय नाही. तरीही त्यांच्यामधील साखळीची एकही कडी तुटलेली नाही. या पक्ष्यांचे अगदी तसेच आहे, आणि त्यांच्या बाबतीत नकाशाने आणखी एक कौतुक केले आहे. साखळीची दोन टोके वळवून त्याने ती एकमेकांसमोर आणून उभी केली आहेत. भाषेत पुणेकर व सुरतकर यांना एकत्र आणावयास आगगाडी लागते. येथे पक्षीच पठाराला वळसा घालून एकमेकांस भेटले. अशा साखळीस शास्त्रज्ञ वलयजाती म्हणतात. जर्मनीत शिकून अमेरिकेत गेलेले अर्न्स्ट माइर यांनी आपल्या १९४२ च्या ग्रंथात तिचा आधार घेतला, तेव्हापासून नव्या जाती कशा निपजतात हे दाखविण्याचे ते एक ठरीव उदाहरण झाले. एरवी जातीची उत्पत्ती काळात घडते, म्हणून डोळ्यांनी पाहता येत नाही. येथे तिच्या साऱ्या पायऱ्या एकाच वेळी जमिनीवर मांडलेल्या दिसतात.

तथापि टाइसहर्स्ट यांच्यापुढे कातडी होती, गाणी नव्हती. ती कसर डॅरन अर्विन या संशोधकाने भरून काढली. त्याने वलयाभोवती ठिकठिकाणी जाऊन नरांची गाणी ध्वनिमुद्रित केली. हिमालयात गाणी आखूड व साधी. तेथून पश्चिमेकडून उत्तरेस जावे तसतशी ती लांब व गुंतागुंतीची होत जातात. पूर्वेकडून उत्तरेस गेले तरीही तीच गोष्ट. परंतु दोन बाजूंनी गुंतागुंत वाढली ती निरनिराळ्या वळणांनी. एकाच चिजेपासून निघून दोन घराण्यांनी आपापला विस्तार केला, तसे. मग अर्विनने प्रत्येकाच्या हद्दीत जाऊन दुसऱ्याचे गाणे वाजवून पाहिले. शेजाऱ्याचे गाणे ऐकताच नर खवळून धावत येतो, कारण तो त्यास प्रतिस्पर्धी समजतो. पण मध्य सैबेरियात ‘विरिडॅनस’ला ‘प्लम्बीटार्सस’चे गाणे ऐकविले तर तो ढुंकूनही पाहत नाही. ज्याचे बोलणे कळत नाही त्याच्याशी भांडण तरी कसे होणार? आणि नर ज्यास ओळखीत नाही त्याच्याशी मादीचे सूत जुळणेही दुर्घटच. स्टाफन बेन्श व ट्रेव्हर प्राइस यांच्यासह अर्विनने हे निष्कर्ष २००१ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. उत्तरेकडेच गाणी का फुलली, याचे त्यांनी दिलेले कारणही विचार करण्याजोगे आहे : दक्षिण आणि उत्तर यांतील अरण्ये, अन्न व पक्ष्यांची दाटी निराळी, त्यामुळे मादीची निवड आणि जगण्याची निकड यांतील तोल उत्तरेस निवडीच्या बाजूने झुकला आणि चांगला गाणारा तरला.

शास्त्रातील एखादे उदाहरण इतके गोंडस झाले की त्याविषयी थोडा संशय बाळगणे बरे, असे आम्ही मुलांस सांगत असतो. येथेही पुढे तसेच घडले. २०१४ साली अर्विन, प्राइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यांच्या जनुकद्रव्याची फार सूक्ष्म तपासणी प्रसिद्ध केली. तीतून दिसले, की साखळी आपण समजलो तितकी अखंड राहिलेली नाही. प्राचीन काळी ती काही जागी तुटली होती आणि पुन्हा जुळली. शिवाय उत्तरेस जे दोघे सर्वस्वी परके वाटत होते त्यांच्यातही थोडी देवाणघेवाण झालेली आहे. उत्तर चीनमध्ये तर साखळीत आज खिंडार आहे, आणि तेथील अरण्ये माणसाने तोडली हे त्याचे संभवनीय कारण मानले जाते. काहींनी यावरून वलयजातीची कल्पनाच निकालात काढावी असे सुचविले. आम्हांस ते पटत नाही. बोलींच्या साखळीतही स्थलांतरे, दुष्काळ, राज्यांच्या उलथापालथी यांनी कड्या तुटतात व जुळतात. म्हणून बोली हळूहळू पालटतात हे म्हणणे खोटे ठरत नाही. ज्या माणसांनी २००१ साली सिद्धान्त मांडला त्यांनीच २०१४ साली त्यास मुरड घातली, ही गोष्ट आम्हांस सिद्धान्ताइतकीच मोलाची वाटते.

मग हा पक्षी एक की अनेक? येथे आपल्या भाषेतील ‘जाती’ हा शब्दच वाट अडवून उभा राहतो. शास्त्रीय परिभाषा घडविणाऱ्यांनी कुल, प्रजाती, जाती, उपजाती असे शब्द योजले. ते रूढ झाले व ते बदलण्याचे कारण नाही. परंतु ‘जात’ म्हटले की मराठी मुलाच्या मनात जन्माने ठरलेली, बाहेरच्यास आत घेण्यास बंदी असलेली, कायमची चौकट उभी राहते. सृष्टीत अशी चौकट नाही. जाती ही वर्गीकरण करणाऱ्याने एका विशिष्ट क्षणी ओढलेली रेषा असते. कधी ती पाण्याच्या काठासारखी स्पष्ट, कधी भरती-ओहोटीच्या पुळणीसारखी. म्हणूनच गेल्या काही दशकांत जगातील पक्ष्यांच्या मान्यवर याद्यांनी दुपट्टी ‘प्लम्बीटार्सस’ला कधी स्वतंत्र जाती मानले, कधी उपजाती. कॉकेशस पर्वतात वीण करणाऱ्या ‘निटिडस’ला मात्र बहुतेकांनी आता वेगळे केले आहे. विद्यार्थी विचारतो, ‘गुरुजी, बरोबर कोणते?’ त्यास एकच उत्तर पाठ करून देण्यापेक्षा रेषा कोणी, कशावरून ओढली हे सांगावे. विज्ञानाच्या पुस्तकातील प्रश्नोत्तरांत ही सोय नसते, हे आम्ही जाणतो, तरीही.

मराठी नावांचा प्रश्न याला लागूनच आहे. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोशा’त लोकांच्या तोंडची नावे गोळा करून ठेवली, हे भाषेवर मोठे उपकार आहेत. इंग्रजी यादीतील प्रत्येक नावाला संस्कृत प्रतिशब्द बनविण्याचा उद्योगही अधूनमधून होत असतो. असे शब्द छापले जातात, परीक्षेत येतात आणि परीक्षेबरोबर विसरले जातात. ‘हिरवट पर्णवटवट्या’ एवढे आम्हांस पुरेसे वाटते. उपजातींना मराठी नावे देण्याच्या भरीस पडू नये. तेथे शास्त्रीय नावच देवनागरीत लिहावे. ‘वटवट्या’ हा शब्द तेवढा सोडू नये; तो झुडपातून आलेला आहे, समितीतून नव्हे.

आता हिवाळ्याकडे. ट्रेव्हर प्राइस यांनी आपला अभ्यास पूर्व घाटातील अरण्यांत सुरू केला आणि १९८१ साली प्रसिद्ध केला. पुढे मधुसूदन कत्ती यांच्यासह दक्षिणेस तामिळनाडूतील मुंडनथुराईच्या जंगलात तो चालविला. पायांत रंगीत कडी घालून ओळखलेल्या पक्ष्यांवरून असे दिसले, की हिवाळ्यातही प्रत्येक वटवट्या काही झाडांपुरती आपली हद्द राखतो, दुसऱ्यास तेथून हाकलतो, आणि जगला-वाचला तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच झाडांवर येतो. आपण सतत ऐकतो ते ‘चिस्-ली’ म्हणजे त्या हद्दीची द्वाही होय. पाऊसमान, पानांवरील किड्यांची संख्या आणि वटवट्यांची संख्या यांचा परस्परसंबंधही त्यांनी तपासला. आठ ग्रॅमचा जीव सैबेरियाहून पामीरच्या वाटेने पठाराला पश्चिमेकडून वळसा घालून येतो आणि आंब्याच्या चार फांद्यांवर अवलंबून राहतो. ती फांदी तोडली तर शेजारची झाडे दुसऱ्याने आधीच व्यापलेली असतात. रस्तारुंदीत जुनी झाडे जातात तेव्हा सावली गेली अशी आपण हळहळ करतो. सैबेरियातील एका अरण्याचेही त्यात काही जाते, याची नोंद कोठे होत नाही. ‘प्लम्बीटार्सस’ मात्र आपल्याकडे येत नाही. तो चीनच्या वाटेने आग्नेय आशियात उतरतो. म्हणजे सैबेरियात एकाच अरण्यात घरटी करणारे दोघे शेजारी हिवाळा आला की पठाराच्या दोन बाजूंनी निघून जातात.

रेषा ओढण्याचे हे काम संपलेले नाही. २००९ साली पर अल्स्ट्रॉम हे स्वीडनचे पक्षिशास्त्रज्ञ आणि आपले शशांक दळवी पश्चिम अरुणाचलात हिंडत असता त्यांच्या लक्षात आले, की एकच समजला जाणारा एक पहाडी कस्तूर सूचिपर्णी अरण्यात मधुर गातो आणि झाडांच्या वरच्या खडकाळ उतारांवर कर्कश. व्हाइट यांच्या पत्रातलाच हा प्रसंग. गाव तेवढे वेगळे. संग्रहालयांतील जुनी कातडी, ध्वनिमुद्रणे व जनुकद्रव्य तपासून २०१६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अरण्यातल्या पक्ष्यास नवी जाती म्हणून नाव दिले, ‘सलीमअलीआय’. सलीम अली १९२९-३० साली बर्लिनला ज्यांच्या हाताखाली शिकले त्या एर्विन स्ट्रेझेमान यांनीच १९२९ साली आपल्या वटवट्याच्या चिनी रूपास ‘ऑब्स्क्युरेटस’ हे नाव दिले होते.

सह्याद्रीत हिवाळ्यामध्ये ‘विरिडॅनस’ व ‘निटिडस’ दोघेही उतरतात. ‘निटिडस’ची पाठ अधिक हिरवी, भुवई व पोट पिवळसर, परंतु फेब्रुवारीपर्यंत पिसे झिजतात आणि दुर्बीण असूनही बुचकळ्यात पडावयास होते. मार्चच्या अखेरीस, परतीची वेळ जवळ आली की, एखादा नर क्वचित पहाटे आपल्या आंब्यावर बसून गाण्याचे तुकडे जुळवू लागतो. ज्या शिक्षकांच्या शाळेत ध्वनिमुद्रणाची सोय असेल, आणि आता ती खिशातल्या दूरध्वनीतही असते, त्यांनी तेव्हा मुलांना घेऊन झाडाखाली उभे राहावे आणि तारीख, वेळ, झाड लिहून ठेवावे.